घरटी पाचशे

2022 च्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. कोरोनानंतर पालखी पुन्हा नीट घरोघर फिरणार होती, त्यामुळे वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती गडबड चालली होती, ढोलाला नवं कातडं कोण बसवून आणणार, खेळे किती जणांचे, मुंबईकरांची गाडी विरारवरून सुटणार का दिव्यावरून, आणि मधेच आमच्या खजिनदाराने म्हणजे माझ्या चुलतभावाने एक क्यूआर कोड टाकला आणि खाली लिहिलं, घरटी पाचशे. झालं, धडाधड स्क्रीनशॉट पडायला लागले. हिरवी टिक, पाचशे रुपये, नाव. परत हिरवी टिक. नालासोपाऱ्यातून, डोंबिवलीतून, एक तर चक्क पालघरला लग्नाच्या मांडवातून. मी सिंगापूरला ऑफिसातून घरी जाताना गर्दीच्या ट्रेनमध्ये एका हाताने दांडा धरून ते बघत होतो. मी लिहिलं, मला अकाउंट नंबर दे, मी पाठवतो. त्यावर त्याचा लगेच रिप्लाय, "दादा तुझं राहू दे रे. तिकडून पाठवायचं म्हणजे फीच जास्त जाईल. तुझं मी भरून टाकतो." खाली दोन जोडलेले हात.

हिशेबाने बघितलं तर तो बरोबरच बोलत होता. पाचशे रुपये म्हणजे तेव्हा साधारण नऊ सिंगापूर डॉलर. नऊ डॉलर टीटीने, म्हणजे इथल्या बँकेतून थेट तिथल्या बँकेत, पाठवायचे म्हणजे फी वेगळी, केबल चार्ज वेगळा, मधल्या बँकेने काही कापून घेतलं तर ते वेगळं, आणि हे सगळं मिळून वर्गणीपेक्षा जास्त. ॲपवरून पाठवायचं तर फी कमी, पण नऊ डॉलरवर दोनतीन डॉलर फी म्हणजे तीही कमी कुठे, शिवाय आधी त्याचं नाव खातं आयएफएससी सगळं भरा, नातं काय ते सांगा, पैसे कशासाठी ते सांगा. पाचशे रुपयांसाठी एवढं कोण करतं. त्याने प्रेमाने सांगितलं होतं, मला त्रास नको म्हणून. पण वर्गणी हे तसले पैसे नसतात ना. आमच्या वाडीत घरटी म्हणजे ज्या घरात चूल पेटते ते प्रत्येक घर, मग माणूस श्रीमंत असो का आंबा-काजूच्या बागेत रोजंदारीवर जाणारा असो, सगळ्यांना आकडा एकच. आणि वर्गणी मागत नाहीत ती फक्त बंद घरांना. ज्यांचं गावात आता कोणी येत नाही, ज्यांच्या अंगणात रान माजलंय, त्यांच्या नावापुढे वहीत एक आडवी रेघ मारलेली असते. आमचं घर एकाच छपराखाली दोन भागात आहे, एकात काकी आणि चुलतभावाचं कुटुंब, दुसरा आमचा, जो गणपतीला आणि शिमग्याला उघडतो. बाबा गेले तरी वहीत नाव बाबांचंच आहे.

त्या वर्षी बाबांच्या नावापुढे पाचशे लागले, पण ते आमच्या घरातून गेले नव्हते.

आजोबा गिरणीत होते, परळला, आणि गाळ्यात दहाबारा गाववाले मिळून राहायचे. आजी गावाला. आमच्या त्या सगळ्या पट्ट्याला मनीऑर्डरवर जगणारा म्हणतात ते उगाच नाही, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांत घरातला कर्ता पुरुष म्हणजे महिन्याच्या दहाबारा तारखेला पोस्टमनच्या पिशवीतून येणारे पैसे, एवढंच पोरांना माहीत असायचं. बाबा सांगायचे, पोस्टमन लांबून घाटी चढताना दिसला की आजी हात पुसत बाहेर यायची, आणि बाकीच्या बायका आपापल्या पडवीतून बघत राहायच्या, तो आज कुणाच्या दारात थांबतो ते. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, त्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. आजोबांना लिहिता यायचं थोडंफार. आजीला वाचता यायचं नाही, ती पट्टी शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. काय असायचं त्यात, तर अमक्याचे वीस देऊन टाक, कौलं उतरवून घे, पोराला खोकला आहे का अजून. बस. आणि मग आजीच्या अंगठ्याची पावती उलट मुंबईला जायची. आजोबा वारल्यावर बाबांना त्यांच्या ट्रंकेत त्या पावत्यांचा गठ्ठा मिळाला होता, सुतळीने बांधलेला, प्रत्येकीवर निळा अंगठा. आजोबांनी त्या का ठेवल्या असतील याचा मी खूपदा विचार केलाय. हिशेबासाठी म्हणावं तर पैसे पोचल्यावर पावतीचं काय काम. मला वाटतं त्या काळात आजीचं असं त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता.

मनीऑर्डरचं कमिशन शेवटच्या काळात वीस रुपयांना एक रुपया होतं, म्हणजे पाच टक्के. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण आज जगभरातून लोक आपल्या घरी दुसऱ्या देशात पैसे पाठवतात त्याचा सरासरी खर्च वर्ल्ड बँक काढते, दोनशे अमेरिकन डॉलर पाठवायला किती पडतात असा, आणि तो अजूनही सहा टक्क्यांच्या वर आहे. 2030 पर्यंत तो तीनच्या खाली आणायचा असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेलं आहे. म्हणजे परळहून घाटी चढत येणारी, माणसाच्या पायाने येणारी मनीऑर्डर या सरासरीपेक्षा स्वस्त होती. हे वाचलं तेव्हा मला फार विचित्र वाटलं. अर्थात आजोबांना ते पाच टक्केही जड जायचेच, म्हणून गावाला जाणाऱ्या कोणाच्या तरी हातीच पैसे द्यायचे असंही खूप चालायचं, गाववाला चालता बोलता पोस्टमन. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या मनीऑर्डरी थांबल्या. आजी तेव्हा उलट तांदळाची पोती मुंबईला पाठवायची, एसटीच्या टपावर टाकून. बाबा म्हणायचे, ते तांदूळ खाताना आजोबा मान वर करायचे नाहीत.

ती जुनी मनीऑर्डर 2015 साली बंदच झाली. आणि आता गावाला जाऊन बघावं तर काय, तिठ्यावरच्या वडापाववाल्याकडे कोड, मासेवाली टोपलीला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कोड अडकवून येते, रिक्षावाल्याकडे कोड, एसटीच्या कंडक्टरच्या मशीनवरसुद्धा चालतं. किराणा दुकानात तो छोटा स्पीकर बोलतो, अमुक रुपये मिळाले, आणि दुकानदार मान वर न करता पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. आमच्या वाडीत रेंज मिळायला अजून देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, जाऊन उभं राहावं लागतं, पण लोक जातात, उभे राहतात, पाठवतात, खाली येतात. मी तिथे खिशात पाकीट घेऊन उभा. माझा भारतातला नंबर रिचार्ज नसल्यामुळे केव्हाच दुसऱ्या कुणाला गेलेला, आणि यूपीआय तेव्हा भारतातल्या नंबरशिवाय चालत नव्हतं, त्यामुळे मासेवालीच्या बांगड्यांचे पैसे चुलतभावाने दिले, चहाचे त्यानेच दिले, बाबांच्या वर्षश्राद्धाच्या भटजींचे पण त्यानेच, आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो की नंतर देतो. इकडे सिंगापूरला यावं तर परत तेच चित्र, फूड सेंटरमध्ये कॉफीवाल्या आजोबांकडे कोड, पेनाऊवर, म्हणजे इथल्या यूपीआयवर, नुसता मोबाईल नंबर टाकला की समोरच्याचं नाव येतं, सेकंदात पैसे जातात, 2017 पासून हे चाललंय. ऑफिसातल्या कुणाच्या फेअरवेलचे पाच डॉलर, शेजारणीने आणलेल्या कोथिंबिरीचे दोन डॉलर, मुलाच्या क्लासचे, सगळं असंच. म्हणजे इथे मी आहे, तिथे ते आहेत, दोन्हीकडे पैसा पाण्यासारखा वाहतोय, आणि या दोन्हींच्या मधे मी नऊ डॉलर घेऊन अडकलोय.

रविवारी लिटिल इंडियात गेलं की सेरांगून रोडला, टेक्का मार्केटच्या आजूबाजूला, पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगा दिसतात. बांधकामावरची, शिपयार्डातली पोरं, बहुतेक तमिळ नाहीतर बांगलादेशी, आठवड्याची एक सुट्टी, अंगावर धुतलेला इस्त्रीचा शर्ट, केसांना तेलाचा आणि पावडरीचा वास, बाजूच्या मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या टपरीचा वास, आणि वर काचेआड लाल आकड्यांत आजचा भाव. मी खूपदा तिथे भाजी घ्यायला जातो आणि थांबून बघतो. ही माणसं भाव दशांशाच्या पुढे चार आकडे बघतात. ज्या दुकानावर फी शून्य असं मोठ्ठं लिहिलंय तिथे भाव किंचित खाली असतो, आणि ज्याची फी आहे तिथे भाव बरा, आणि हे कुठलाही एमबीए न केलेला माणूस तोंडी हिशेब करून शेजारच्याला सांगतो की आज इकडे नको, पलीकडच्याकडे जाऊ. त्यांच्यातले बरेचसे आता फोनवरूनच पाठवतात, तरी रांगा आहेतच. काहींच्या घरी खात्यात पैसे आलेले चालत नाहीत, रोखच लागतात, आणि रोख घ्यायचे तर आपल्याकडच्या नियमाने एका वेळी पन्नास हजारांपर्यंतच हातात मिळतात, त्यावरचे खात्यातच घ्यावे लागतात.

मला स्वतःला बरीच वर्षं वाटायचं की आपण ॲपवर बटण दाबलं की आपले डॉलर कुठूनतरी समुद्राखालून भारतात जातात. तसं नसतं. जुन्या पद्धतीत बँका स्विफ्टवरून एकमेकांना निरोप पाठवतात, स्विफ्ट म्हणजे बेल्जियममधली 1973 ची संस्था, तीसुद्धा फक्त निरोप पोचवते, पैसे तिच्याकडे नसतात, आणि ज्या दोन बँकांची एकमेकींकडे खाती नाहीत त्यांच्या मधे तिसरी येते, कधी चौथी. या वाईज किंवा इन्स्टारेम वगैरे सर्व्हिसेसनी काय केलं, तर दोन्ही देशांत पैसे तयार ठेवायची व्यवस्था केली. मी इथे पेनाऊने त्यांच्या इथल्या खात्यात भरले, की ते तिथे आधीच असलेल्या रुपयांतून तिथल्या बँकेमार्फत आयएमपीएसने माझ्या बहिणीच्या खात्यात टाकतात. माझे डॉलर त्या क्षणी इथेच असतात. म्हणजे परदेशी सर्व्हिसचा अलीकडचा तुकडा इथला देशी झटपट रस्ता आणि पलीकडचा तुकडा तिथला देशी झटपट रस्ता, त्यांचं खरं काम फक्त मधलं, भाव लावणं आणि चौकशी करणं, पैसे कुणाचे, कुणाला, कशासाठी. त्या मधल्या कामाचे ते पैसे घेतात, आणि मोठ्या रकमेला मला ते पटतं. लाखभर रुपये पाठवताना दोनचारशे गेले तर त्याबद्दल मी तरी तक्रार करणार नाही.

पण पाचशेचं काय.

मला ज्या गोष्टीने आतून कुरतडलं ती ही आहे. फी नावाची गोष्ट असली की छोटे पैसे पाठवण्यात अर्थ राहत नाही, आणि मग माणूस छोटे पैसे पाठवतच नाही. मी पाठवायचो ते मोठेच. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाठवले. बहिणीच्या मुलाच्या ॲडमिशनला पाठवले. विहिरीच्या पंपाला. म्हणजे माझा फोन आणि माझा पैसा हे दोन्ही घरात काहीतरी मोठं अडलं की मगच एकत्र यायचे. काकी कधी माझ्याशी पैशाचं बोलली तर आवाज बदलून बोलायची, जरा दबून, आणि ती मला लहानपणी उघडं नागडं विहिरीवर आंघोळ घालणारी बाई आहे. चुलतभावाला तिचे लाड रोज करता येतात, येताना शंभराची भजी आणली, औषधाच्या दुकानात दीडशे दिले, जत्रेत बांगड्या घेतल्या, याचा कुणी हिशेब ठेवत नाही आणि आभारही मानत नाही. माझा प्रत्येक रुपया मात्र आभाराचा झाला होता. घरच्या माणसांनी आपले आभार मानायला लागणं ही काय चीज असते ते बाहेर राहणाऱ्यांना विचारा. मी उपकारकर्ता होऊन बसलो होतो, आणि मला नुसता घरातला पोरगा राहायचं होतं ज्याने येताना भजी आणली.

21 फेब्रुवारी 2023 ला यूपीआय आणि पेनाऊ जोडलं गेलं. दोन्ही देशांचे पंतप्रधान व्हिडिओवर हजर होते आणि रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे प्रमुख शक्तिकांत दास आणि इथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे एमएएसचे, तेव्हाचे प्रमुख रवी मेनन यांनी एकमेकांना पैसे पाठवून दाखवले. मी ते ऑफिसात कानात इअरफोन घालून बघितलं. दिवसाला साठ हजार रुपयांपर्यंत, म्हणजे साधारण हजार डॉलर, आणि तेव्हा दोन्हीकडच्या मोजक्या बँकांपुरतंच. माझ्या बँकेत ती सोय आली, बहिणीचं खातं स्टेट बँकेत म्हणून तिला जमत होतं, आणि चुलतभावाचं खातं सहकारी बँकेत म्हणून त्याला नाही. 2025 च्या जुलैत भारतातल्या आणखी तेरा बँका त्यात आल्या.

2023 च्या भाऊबीजेला मी ते पहिल्यांदा वापरलं. बहीण कल्याणला असते. दरवर्षी आम्ही व्हिडिओ कॉल करतो, ती फोन एका डब्याला टेकवून उभा करते आणि फोनला ओवाळते, निरांजनाचा उजेड स्क्रीनवर भसकन मोठा होतो आणि तिचा चेहरा मागे काळा पडतो. आधीची ओवाळणी काय असायची, तर मी म्हणायचो आल्यावर देईन, आणि मग गेल्यावर साठवलेली सगळी एकदम पाकिटात घालून द्यायची, जी ती "कशाला एवढे" म्हणत बाजूला ठेवायची. यावेळी तिने तबक फिरवलं, तांदूळ स्क्रीनवर टाकले, आणि मी इकडे दुसऱ्या फोनवरून तिचा यूपीआय आयडी टाकून अकराशे पाठवले, आणि तिच्या हातात तबक असतानाच तिचा फोन वाजला, म्हणजे ज्या फोनवर मी होतो तोच, माझ्या चेहऱ्यावर वरून पट्टी आली आणि ती ओरडली, "आले!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अकराशेच? मला साडी हवी होती." किती वर्षांनी तिने मला असं पैशावरून बोलून दाखवलं होतं. मी नंतर बराच वेळ नुसता बसून होतो, बायकोने विचारलं काय झालं, मला सांगताच येईना.

या रस्त्याचे नियम वाचले तर त्यात माणसामाणसांतलेच पैसे चालतात असं आहे, भेट म्हणून नाहीतर नातेवाईकांच्या खर्चासाठी. दुकानाला नाही, मंडळाला नाही. तेव्हा वाचता वाचता मी नातेवाईक कोण हेही शोधलं, आयकर कायद्यात ती यादी आहे, कारण नातेवाईकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही आणि इतरांकडून वर्षात पन्नास हजारांवर मिळालं तर आहे. आईवडील, मुलं, सख्खे भाऊबहीण, काका, मामा, आत्या, मावशी हे सगळे त्या यादीत आहेत. चुलतभाऊ नाही. ज्याने बाबांना खांदा दिला तेव्हा मी विमानात होतो, जो आमच्या अर्ध्या घराची कुलूप-किल्ली सांभाळतो, ज्याने माझी वर्गणी भरली, तो कायद्याने माझा नातेवाईक नाही. पाचशे-हजारला काही फरक पडत नाही, पण मोठी रक्कम त्याच्या खात्यात पाठवायची तर विचार करून पाठवावी लागते, आणि काकीचंही तसंच, कारण यादी घेणाऱ्याच्या बाजूने बघतात, काकीने मला दिलं तर ती यादीत बसते, पण मी तिला दिलं तर पुतण्या बसत नाही. आणि माझ्या इथल्या एका मित्राचं आणखी वेगळं. तो साताऱ्याकडचा, त्याने इथलं नागरिकत्व घेतलं. मी भारतीय पासपोर्टवर आहे म्हणून मी बँकेतून पाठवलेली वर्गणी देशीच धरतात, त्याने त्याच्या गावच्या देवळाला दिलेली रक्कम मात्र कायद्याने परदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला देवस्थानला दिल्लीची नोंदणी लागते. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या आज्याने त्या देवळाचा दगड वाहिलाय. मला त्यावर काही बोलता आलं नाही. नियम कशासाठी आहेत हे मला समजतं, पण त्याचा तो चेहरा मला खरंच बघवला नाही.

शेवटी माझा प्रश्न सुटला तो दुसऱ्याच बाजूने. 2023 च्या जानेवारीत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ठरवलं होतं की दहा देशांतल्या, त्यात सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, अमिराती, कतार, ओमान वगैरे, तिथल्या मोबाईल नंबरवर आपल्या एनआरई-एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या, खात्याचं यूपीआय चालू करता येईल. बँकेबँकेत ते यायला वेळ लागला, पण माझ्या खात्याला ते मिळालं. आता मी करतो ते असं, भाव बरा असेल तेव्हा कुठल्यातरी सर्व्हिसने एक मोठी रक्कम एनआरईत टाकतो, आणि मग तिथून वर्षभर बारीक बारीक. म्हणजे निवड करायची असते ती एकाच रस्त्याची नाही, कुठला पैसा कुठल्या रस्त्याने जावा त्याची आहे, आणि मला वाटतं फक्त भाव आणि फी बघून हे ठरवणाऱ्यांचं काहीतरी राहून जातं. मोठ्या पैशाला चौकशी, पावती, दोन दिवस लागले तरी चालतील. छोट्याला विचारणा होता कामा नये. पुढच्या शिमग्याला ग्रुपवर कोड पडला तेव्हा मी तो स्कॅन केला, पाचशे टाकले, खाली बाबांचं नाव लिहिलं आणि स्क्रीनशॉट टाकला. कोणी काही बोललं नाही, माझ्या वर एकाचा होता, खाली दुसऱ्याचा आला. चुलतभावाने वहीत लिहून घेतलं असेल. मला त्यापेक्षा जास्त काही नकोच होतं.

सगळं छानच आहे असं मी म्हणणार नाही. माझी आत्या एकटी राहते, सत्तरीच्या पुढची, नातीने तिला यूपीआय काढून दिलंय, आणि ती फोनला घाबरते. मधे तिला कुणीतरी पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवली होती, वर लिहिलेलं की तुम्हाला रक्कम मिळणार आहे, पिन टाका. नात बाजूला होती म्हणून वाचली. एका माणसाने दुसऱ्याला अशी मागणी पाठवायची सोय आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बंदच केली आहे, ते फार बरं झालं, पण तिची भीती गेली नाही, मी दोनशे पाठवले तरी ती आधी मला फोन करून खात्री करते, हे तूच ना रे. मग आम्ही बोलतो. कधी कधी मला वाटतं त्या फोनसाठीच मी पाठवतो. दुसरं म्हणजे पैसे इतके सहज जायला लागले की मागणारेही सहज मागतात, ज्यांचं नाव मला आठवत नाही असे कुणीकुणी थेट कोडच पाठवतात, पोराची क्रिकेटची टीम आहे, मंडपाला कमी पडतायत. आधी अंतर होतं तेव्हा नाही म्हणायचं कारण तयार होतं. आता नाही म्हणायचं तर माझं मीच म्हणावं लागतं, आणि ते मला जड जातं. तरी हे ओझं मला चालेल. गावातल्या प्रत्येक माणसाला ते आहेच की.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत 2023-24 मध्ये बाहेरून देशात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के होता, सगळ्या राज्यांत जास्त, आणि सिंगापूरहून आलेला वाटा 6.6 टक्के. एवढाल्या आकड्यांत आत्याचे दोनशे कुठे दिसणार. पण मला ते दिसतात.

यंदा पावसाळ्याच्या आधी घराच्या छपराचं निघालं. वासे वाळवीने पोखरलेत, आमच्या बाजूचे जास्त, कारण बंद घराला धूर लागत नाही. चुलतभावाने सुताराकडून अंदाज काढून मला एकट्यालाच फोटो पाठवला, ग्रुपवर नाही. रक्कम बरीच आहे. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं, त्याने बोलायच्या आधीच, आणि मी पाठवूही शकतो, एका दमात, भाव बघून. बायको म्हणाली पाठवून टाक आणि मोकळा हो. पण मी त्याला फोन करून म्हटलं, नको. सगळ्यांचं छप्पर आहे, सगळ्यांना विचार. सहा वाटे पडतात, आत्याचा धरून. माझा वाटा मी देतो आणि ज्याला जमणार नाही त्याचं मागाहून बघू, पण आधी विचार तर. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, आत्याकडे कसं मागायचं रे दादा, बरं दिसत नाही. मी म्हटलं, मला वर्गणी मागितली नव्हतीस तेव्हा मला बरं वाटलं असेल असं समज नको. हे मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, अरे, मी आपलं फी वाचवायला. मी म्हटलं, माहीत आहे.

आत्याने दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हजार पाठवले, पेन्शनमधून, आणि मग दोघांनाही फोन करून विचारलं पोचले का. बाकीच्यांचे येतायत, एकाने पुढच्या महिन्यात म्हटलंय. माझा वाटा मी सर्व्हिसने काकीच्या नावावर पाठवला, त्याची पावती तिला व्हॉट्सॲप केली, आणि तिने ती न उघडता मला विचारलं, जेवलास का. आता वाद चाललाय तो कौलं ठेवायची का पत्रा टाकायचा यावर. चुलतभाऊ पत्र्याच्या बाजूने आहे, माकडं कौलं फोडतात म्हणतो, त्याचंही खरं आहे. माझं मत कौलांना. पत्र्यावर पाऊस पडला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.